विश्लेषण : जालन्याच्या भट्टीतले भंगार आणि सेशेल्सची गस्त, छोट्या बेटांच्या सुरक्षा गटाशी आपला काय संबंध?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये वितळणारे सगळेच भंगार गल्लोगल्ली फिरणाऱ्या भंगारवाल्यांकडून येत नाही. त्यातला काही माल परदेशातून कंटेनरमध्ये भरून येतो, न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तिथून रस्त्याने जालन्यात पोहोचतो. पुढे त्याची सळई होते आणि आपल्या घराच्या स्लॅबमध्ये बसते. तो कंटेनर ज्या समुद्रातून येतो, त्यातल्या फार मोठ्या पट्ट्यांची राखण अशा देशांकडे आहे, जे लोकसंख्येने आणि क्षेत्रफळाने जालना जिल्ह्यापेक्षाही लहान आहेत.

त्यांच्यापैकीच एक असलेला सेशेल्स नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताचा सहभाग असलेल्या एका सुरक्षा गटाचा पूर्ण सदस्य झाला. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. समुद्र चारशे किलोमीटरवर असलेल्या जिल्ह्यात ती व्हायची तरी कशी? पण या गटाचे काम नीट चालले तर त्याचा फायदा आपल्याला आहे आणि बिघडले तर त्याची किंमतही आपल्याच खिशातून जाते. म्हणून हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

नेमके काय घडले?

२० नोव्हेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘कोलंबो सुरक्षा परिषद’ या गटाची राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या पातळीवरची सातवी बैठक झाली. यजमान होते भारताचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोभाल. याच बैठकीत सेशेल्सला पूर्ण सदस्यत्व मिळाले. आता या गटात भारत, श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, बांगलादेश आणि सेशेल्स असे सहा देश आहेत. भारत आणि बांगलादेश सोडले तर उरलेले चारही देश बेटांचे आहेत आणि त्यातले तीन अगदीच छोटे आहेत.

या गटाची सुरुवात २०११ मध्ये झाली. तेव्हा भारत, श्रीलंका आणि मालदीव एवढे तिघेच होते. २०१४ नंतर बैठका थंडावल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये कोलंबोत गट पुन्हा उभा राहिला. मार्च २०२२ मध्ये मॉरिशस आला, २०२४ मध्ये बांगलादेश आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी कोलंबोत गटाच्या सनदेवर आणि सचिवालय स्थापण्याच्या करारावर सह्या झाल्या. म्हणजे तेरा वर्षे केवळ बैठकांवर चाललेल्या गटाला तेव्हा कुठे कार्यालय आणि लेखी नियम मिळाले.

गटाने स्वतःसाठी पाच कामे ठरवली आहेत : सागरी सुरक्षा, दहशतवाद आणि कट्टरता रोखणे, तस्करी आणि सीमेपलीकडच्या संघटित गुन्हेगारीला आळा घालणे, सायबर सुरक्षा आणि महत्त्वाच्या यंत्रणांचे संरक्षण, आणि आपत्तीत मदत. लक्षात घ्या, ही ‘नाटो’सारखी लष्करी आघाडी नाही. एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी लढायला उतरायचे, असे यात कुठेही नाही. माहिती वाटून घेणे, एकत्र सराव करणे आणि अडचणीत धावून जाणे, एवढेच या गटाचे स्वरूप आहे.

हे देश किती लहान आणि त्यांचा समुद्र किती मोठा?

तुलना आपल्याच जिल्ह्याशी करून पाहू. जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोक साधारण साडेबारा लाख. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत, पण सगळी मिळून जमीन जेमतेम ३०० चौरस किलोमीटर आणि लोक पाच लाखांच्या आसपास. सेशेल्समध्ये ११५ बेटे, जमीन ४५५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. तिथली लोकसंख्या लाख-सव्वा लाख. एकट्या जालना शहरात २०११ मध्येच पावणेतीन लाखांहून अधिक लोक राहत होते.

आता समुद्राचा हिशेब. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील मासळी आणि इतर साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. याला ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ म्हणतात. बेटे दूरदूर विखुरलेली असली की प्रत्येक बेटाभोवती असे वर्तुळ पडते आणि देशाचा समुद्र प्रचंड वाढतो. सेशेल्सच्या वाट्याला असा तेरा लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त समुद्र आला आहे. म्हणजे चार महाराष्ट्र बसतील एवढा! मॉरिशसचेच अगालेगा हे बेट मुख्य बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटर उत्तरेला आहे. जालन्याहून दिल्लीला रस्त्याने जायचे म्हटले तर साधारण एवढेच अंतर पडते. अगालेगावर राहतात अवघी तीनेकशे माणसे.

मॉरिशसकडे स्वतःचे लष्करच नाही. पोलिस दल आणि त्याच्या अखत्यारीतील तटरक्षक दलावर सगळी भिस्त आहे. सेशेल्सचे संपूर्ण संरक्षण दल शेकड्यांत मोजता येईल एवढे.

ज्वारी निसवली की रानडुकरांपासून राखण कशी करतात, हे आपल्याकडे सांगायला नको. एकट्याने अख्ख्या शिवाराची राखण होत नाही. मग शेजारी मिळून पाळ्या लावतात. आज तुझी, उद्या माझी. डुकरे दिसली की एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी धावायचे. छोट्या बेटांच्या सुरक्षा सहकार्याचा गाभा एवढाच आहे.

पण यात जालन्याचे काय?

तीन गोष्टींचे. पहिली, उद्योगाला लागणारा आयात कच्चा माल. दुसरी, खत. डीएपी आणि ते बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल यांचा मोठा वाटा आपण परदेशातून आणतो आणि तो जहाजानेच येतो. तिसरी, कच्चे तेल. त्यावर डिझेलचा आणि पर्यायाने ट्रकभाड्यापासून ट्रॅक्टरच्या नांगरटीपर्यंत सगळ्याचा भाव ठरतो.

समुद्रात गडबड झाली की काय होते, हे आपण नुकतेच पाहिले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जहाजे नेली. युरोपकडून येणाऱ्या जहाजाचा प्रवास त्यामुळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी वाढतो. तेवढे इंधन जास्त, भाडे जास्त आणि जोखमीमुळे विमाही महाग. हा वळसा जातो कुठून? मादागास्कर आणि मॉरिशसच्या भागातून. म्हणजे मोठा रस्ता बंद पडला की सगळी वर्दळ या छोट्या देशांच्या दारावरून सुरू होते.

युद्धनौका तांबड्या समुद्राकडे गुंतल्या तशी सोमालियाच्या चाच्यांनीही संधी साधली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. १६ मार्च २०२४ रोजी भारतीय नौदलाची ‘कोलकाता’ ही युद्धनौका आणि मरीन कमांडोंनी ते सोडवले. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाच्यांना पकडून मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. ‘कोलकाता’ बांधली गेली ती मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये.

जालन्याजवळ दिनेगाव परिसरात ड्राय पोर्ट उभारण्याची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. ‘ड्राय पोर्ट’ म्हणजे किनाऱ्यापासून दूर, जमिनीवर उभारलेले बंदर. कंटेनरची सीमाशुल्क तपासणी इथेच करून तो थेट न्हावा शेवाला पाठवायचा, ही कल्पना. म्हणजे ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, त्याने स्वतःचे बंदर मागितले आहे. बंदर मागायचे तर समुद्राची काळजीही आपलीच होते.

गस्त प्रत्यक्षात चालते कशी?

समुद्रात प्रत्येक मैलावर बोट ठेवणे अशक्य आहे. म्हणून आधी ‘पाहणे’, मग ‘ओळखणे’ आणि शेवटी ‘जाऊन पकडणे’ अशा तीन पायऱ्या असतात.

पाहण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे एआयएस. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांहून मोठ्या जहाजावर हे यंत्र बसवणे बंधनकारक आहे. ते ठरावीक वेळाने जहाजाचे नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सांगत राहते. आपण मोबाइलवरून ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवतो, तसेच. अडचण अशी की हे यंत्र बंद करता येते आणि खोटी जागाही पाठवता येते. शिवाय छोट्या होड्यांवर ते नसतेच. तस्कर, चाचे आणि चोरून मासेमारी करणारे याच फटीतून निसटतात.

इथे रडार, उपग्रह आणि टेहळणी विमाने लागतात. रडारला ठिपका दिसतो, पण त्याचे नाव कळत नाही. एआयएसवर नाव कळते, पण यंत्र बंद असेल तर काहीच दिसत नाही. दोन्ही माहिती एकमेकांवर ठेवली की जो ठिपका रडारवर आहे आणि एआयएसवर नाही, तो संशयित ठरतो. हे जुळवण्याचे काम करणाऱ्या केंद्राला माहिती संकलन केंद्र म्हणता येईल. भारताने असे केंद्र डिसेंबर २०१८ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथे सुरू केले. मित्रदेशांचे अधिकारी तिथे शेजारी शेजारी बसून काम करतात. मॉरिशस, सेशेल्स, मालदीव आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर भारताने रडारही बसवून दिले आहेत.

बेटांनी स्वतःही अशी व्यवस्था उभी केली आहे. २०१८ च्या करारानुसार मादागास्करमधील केंद्र माहिती गोळा करते आणि सेशेल्समधील केंद्र प्रत्यक्ष कारवाईचा समन्वय करते. त्यात कोमोरोस, मॉरिशस, केनिया, जिबूती आणि फ्रान्सही आहेत. कोणाची बोट जवळ आहे, कोणाचे विमान उडू शकते, हे ठरवून काम वाटले जाते.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. चाचे पकडले, पण त्यांना न्यायचे कुठे? खटला कोणत्या कायद्याने चालवायचा? सोमालियाजवळ चाचेगिरी टोकाला होती तेव्हा मोठमोठ्या देशांच्या युद्धनौका चाच्यांना पकडून पुन्हा सोडून देत होत्या, कारण खटला चालवायला कोणी तयार नव्हते. सेशेल्सने कायदा बदलला, न्यायालय आणि तुरुंग उपलब्ध करून दिले आणि शंभरहून अधिक चाच्यांवर खटले चालवले. लाखभर लोकसंख्येच्या देशाने मोठ्यांनी टाळलेले काम केले. छोटा भागीदार केवळ मदत मागणारा नसतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. भारताने चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा केला तो २०२२ मध्ये.

महाराष्ट्राला तर ही फट किती महाग पडते, हे सांगायला नकोच. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रातून मुंबईत आले. त्यांनी वाटेत ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका पळवली होती. १६६ जणांचा जीव गेला. किनाऱ्यावर पहारा होता, पण शेकडो होड्यांमध्ये एक होडी वेगळी आहे, हे वेळेत कोणाला कळले नाही.

१९८८ मध्ये ‘गोदावरी’ने काय केले?

या सहकार्याची मुळे समजून घ्यायची तर मालदीवला जावे लागते. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतील एका तमिळ संघटनेच्या सुमारे ८० भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी राजधानी माले ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. कट मालदीवच्याच एका व्यावसायिकाचा होता. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून मालेजवळच्या विमानतळावर उतरले. कट फसला. हल्लेखोर ओलीस घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ या जहाजातून श्रीलंकेकडे पळाले.

त्यांना समुद्रात गाठले ते ‘गोदावरी’ आणि ‘बेटवा’ या भारतीय युद्धनौकांनी. ‘गोदावरी’ १९८३ मध्ये मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधून नौदलात दाखल झाली होती. आपल्या शहागडच्या पुलाखालून जी नदी वाहते, तिचेच नाव. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईतच ती निवृत्त झाली.

ही कारवाई भारताच्या कौतुकाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण मालदीवच्या बाजूने विचार केला तर त्यातून वेगळा धडा निघतो. ऐंशी माणसे एका देशाचे सरकार उलथवायला निघू शकतात आणि वाचायचे तर शेजाऱ्याच्या दयेवर राहावे लागते. हाक मारल्यावर कोणी आले म्हणून देश वाचला. आले नसते तर? म्हणूनच छोट्या देशांना हाकेवर नव्हे, तर आधीच ठरलेल्या, लेखी आणि सगळ्यांना सारख्या लागू असलेल्या व्यवस्थेवर विसंबायचे असते.

आपली सुरक्षा आणि त्यांची सुरक्षा एकच आहे का?

इथे खरी मेख आहे. दिल्लीत हिंद महासागराच्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली की चीनची जहाजे, श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर आणि जिबूतीतला चिनी तळ हे विषय पुढे येतात. चिंता खोटी नाही. पण बेटांवर राहणाऱ्या माणसाला रात्री झोप न येण्याची कारणे वेगळी असतात.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकांवर आदळले. सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेल अडवायला लोकांनी काय वापरले? कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट आणि कापलेले केस भरून त्यांनी घरगुती बांध तयार केले. भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे प्रशिक्षित पथक पाठवले. मासेमारी आणि पर्यटनावर जगणाऱ्या गावांसाठी ते तेल कोणत्याही शत्रूपेक्षा कमी नव्हते.

डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे पिण्याचे पाणी तुटले. भारताने विमाने आणि जहाजांतून पाणी पोहोचवले. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालनेकरांना त्या मदतीचे मोल वेगळे समजावून सांगायची गरज नाही. सेशेल्सला हेरॉइनच्या व्यसनाने पोखरले आहे. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. पाणी वाढले तर देशच उरणार नाही.

म्हणून आपत्तीत मदत हे कलम गटाच्या पाच कामांत आहे, ते शोभेसाठी नाही. दिल्लीच्या बैठकीनंतर आठवडाभरातच ‘दित्वा’ चक्रीवादळाने श्रीलंकेत हाहाकार उडवला. नौदल संचलनासाठी कोलंबोत गेलेल्या ‘विक्रांत’ आणि ‘उदयगिरी’ या भारतीय युद्धनौकांनी तिथेच मदतकार्य सुरू केले. शेजारी आधीच दारात असला की काय फरक पडतो, ते तेव्हा दिसले.

मग मालदीव रुसले कशामुळे?

धावून जाणारा शेजारी हवासा वाटतो. घरात मुक्काम ठोकणारा शेजारी मात्र खुपतो. मालदीवमध्ये भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान होते. दूरच्या बेटांवरून रुग्णांना आणण्यासाठी ती वापरली जात. ती चालवायला सत्तर-ऐंशी भारतीय लष्करी कर्मचारी होते. त्यावरून ‘इंडिया आउट’ मोहीम पेटली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोहम्मद मुईझ्झू राष्ट्राध्यक्ष झाले आणि मे २०२४ पर्यंत लष्करी कर्मचारी परत आले. त्यांची जागा बिगरलष्करी तंत्रज्ञांनी घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये मॉरिशसला झालेल्या कोलंबो परिषदेच्या बैठकीला मालदीव गेलेच नाही.

सेशेल्समध्येही असेच झाले. असम्प्शन बेटावर भारताच्या मदतीने लष्करी सुविधा उभारण्याचा सुधारित करार जानेवारी २०१८ मध्ये झाला. तिथे लोक रस्त्यावर उतरले, विरोधकांचे बहुमत असलेल्या संसदेने नकार दिला आणि करार बारगळला.

या दोन्ही प्रसंगांत आपल्याकडे समाजमाध्यमांवर ‘एवढासा देश आणि एवढा माज’ असा सूर लागला. तो चुकीचा होता. सव्वा लाख लोकांच्या देशालाही आपल्या जमिनीवर कोणाचे सैनिक असावेत, हे ठरवायचा तेवढाच हक्क आहे, जेवढा दीडशे कोटींच्या देशाला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याने ‘राखण मी करतो’ म्हणत दुसऱ्याच्या बांधावर कायमची खोपी घातली तर कोणाला आवडेल?

दिलासा एवढाच की दोन्ही बाजूंनी ताणले नाही. मालदीव ऑगस्ट २०२४ मध्ये सनदेवर सही करायला आले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते. आणि ज्या सेशेल्सने २०१८ मध्ये तळ नाकारला, त्याच सेशेल्सने २०२५ मध्ये गटाचे सदस्यत्व स्वीकारले. तळ नको, पण सहाजणांत समान खुर्ची हवी, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

मॉरिशसमधल्या मराठी माणसांचा यात काही वाटा?

भावनेचा आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कामाला कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पण ही माणसे आता मॉरिशसची नागरिक आहेत आणि त्यांची निष्ठा त्यांच्या देशाशी आहे. नात्यामुळे दार उघडते. आत बसून व्यवहार मात्र बरोबरीनेच करावा लागतो.

जगातल्या इतर बेटांनी काय मार्ग काढला?

पूर्व कॅरिबियनमधील पाच छोट्या देशांनी १९८२ मध्ये ‘रीजनल सिक्युरिटी सिस्टीम’ सुरू केली, मुख्यालय बार्बाडोसमध्ये. पुढे आणखी देश आले. एका बेटावर वादळ आले की दुसऱ्या बेटांचे पोलिस आणि जवान तिथे पोहोचतात. काही पैसा बाहेरून येतो, पण निर्णय त्यांचा असतो.

प्रशांत महासागरातील देशांनी २०१८ मध्ये नाऊरू येथे ‘बोए जाहीरनामा’ काढला. त्यात हवामान बदल हा त्यांच्या अस्तित्वावरचा सर्वांत मोठा धोका असल्याचे लिहिले. सुरक्षेची व्याख्या त्यांनी स्वतः केली. तरीही एप्रिल २०२२ मध्ये सोलोमन बेटांनी चीनशी वेगळा सुरक्षा करार केलाच. गट असला म्हणून सगळे एका सुरात बोलतील, असे नाही. आपल्याकडेही मॉरिशस आणि मालदीव यांच्यात सागरी हद्दीचा वाद होता. तो २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या निकालाने सुटला.

पुढे काय व्हायला हवे?

आमच्या मते तीन गोष्टी.

एक, कोलंबोतील सचिवालय खऱ्या अर्थाने चालायला हवे. कायमचे कर्मचारी, ठरलेला निधी आणि सहाही देशांतले अधिकारी हवेत. सरकार बदलले की गट झोपी जातो, हे २०१४ नंतर आणि पुन्हा २०२३ मध्ये दिसले. व्यक्तींच्या मैत्रीवर चालणारी व्यवस्था निवडणुकीबरोबर कोसळते.

दोन, विषयपत्रिका बेटांनीही ठरवावी. तेलगळती, चोरटी मासेमारी, अमली पदार्थ आणि वादळ हे विषय यादीच्या शेवटी नकोत. मालेतल्या मच्छीमाराला गस्तीचा उपयोग दिसला तरच ‘इंडिया आउट’ची घोषणा पुन्हा चालणार नाही.

तीन, तळ उभारण्याऐवजी त्यांची माणसे आणि बोटी तयार करण्यावर भर द्यावा. गोवा शिपयार्डने मॉरिशससाठी ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ या गस्ती नौका बांधून दिल्या, त्या आज मॉरिशसच्या झेंड्याखाली फिरतात. गोव्यातच बांधलेली ‘सुनयना’ एप्रिल २०२५ मध्ये कारवारहून निघाली, तेव्हा तिच्यावर भारतीयांबरोबर नऊ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक होते. त्यात मालदीव, मॉरिशस, सेशेल्स आणि कोमोरोसचेही होते. एकाच डेकवर एकत्र पहारा केलेली माणसे उद्या संकटात एकमेकांचा फोन उचलतात. हाच मार्ग स्वस्त आहे आणि टिकाऊही.

जालन्याच्या एखाद्या कारखान्यात कंटेनर उघडतो, तेव्हा तो किती देशांच्या नजरेखालून सुखरूप आला, याची नोंद कुठल्याच बिलावर नसते. ती नोंद दिसते फक्त काही बिघडल्यावर. वाढलेल्या भाड्याच्या रूपात, उशिरा आलेल्या खताच्या रूपात. शिवार राखायचे तर धाकट्या शेजाऱ्यालाही पाळी ठरवताना बोलावावे लागते. समुद्राचेही तसेच आहे.